वह्या परत घेऊन जा

खाली बसा आणि फोन दप्तरात ठेवा. आज नवीन काही शिकवणार नाही. तुम्ही लिहून दिलेल्या निबंधांबद्दल बोलणार आहे आणि ते ऐकायला गोड लागणार नाही.

विषय अवघड नव्हता. अकिरा कुरोसावाचा १९५२ सालचा ‘इकिरू’ पाहायचा आणि तो माणसाच्या जगण्याबद्दल काय विचारतो ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तत्त्वज्ञान घेऊन पदवीला बसलेल्या मुलांना एवढं जमायला हवं. सगळ्या वह्या मी शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. कुणालाही गुण दिलेले नाहीत. लाल शाईची एक रेघही कुठे दिसणार नाही, कारण चूक दुरुस्त करायची तर आधी कुणीतरी स्वतः काही लिहिलेलं असावं लागतं. तुम्ही पाट्या टाकल्यात.

निम्म्याहून अधिक वह्यांत पहिलं वाक्य एकच आहे: हा चित्रपट आपल्याला प्रत्येक क्षण भरभरून जगायला शिकवतो. शब्दांची जागा बदलण्याचेही कष्ट कुणी घेतलेले नाहीत. हे वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. कुणीतरी ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारी दहा मिनिटांची चित्रफीत शोधली, ती ग्रुपवर टाकली आणि बाकीच्यांनी ती उतरवून काढली. नक्कल मुलं पूर्वीही करायची, तेवढ्यासाठी मी आवाज चढवला नसता. मला राग आला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मरण सहा महिन्यांवर येऊन ठेपलं तर मी काय करेन, असा प्रश्न तुमच्यापुढे ठेवला होता. आणि त्याचं उत्तर तुम्ही शेजारच्या बाकावरच्या वहीतून घेतलंत! इतका स्वतःचा प्रश्न दुसरा कुठला असतो? तोही परस्पर सोडवून घ्यायचा?

बरं, उतरवलेलं वाक्य निदान बरोबर तरी असावं. तेही नाही. चित्रपट पाहिला असतात तर ते वाक्य तुमच्या हातून लिहून झालं नसतं. कांजी वातानाबे हा नगरपालिकेतल्या नागरिक विभागाचा प्रमुख. तीस वर्षं त्याने एकच खुर्ची उबवली. पोटाचा कर्करोग झालाय हे कळल्यावर तो बँकेतून पैसे काढतो आणि एका दारूच्या गुत्त्यात भेटलेल्या लेखकाला म्हणतो, हे कसे उडवायचे ते मला शिकवा. तो लेखक त्याला रात्रभर शहर फिरवतो. जुगाराची यंत्रं, बार, नाचघरं, गर्दी, बायका, नवी टोपी. ‘प्रत्येक क्षण भरभरून’ म्हणतात तो हाच कार्यक्रम. त्याचं काय होतं? एका बारमध्ये वातानाबे पियानोवाल्याला १९१५ सालचं एक जुनं गाणं वाजवायला सांगतो आणि स्वतःच पुटपुटल्यासारखं गाऊ लागतो. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पापणी लवत नाही. नाचणारी जोडपी थांबतात, शेजारी बसलेली मुलगी दचकून दूर सरकते. पुढे रस्त्यात त्याला उलटी होते. कुरोसावाने तुमचं उत्तर चित्रपटाच्या पूर्वार्धातच तपासून पाहिलं आणि खोडलं. तेच तुम्ही चित्रपटाची शिकवण म्हणून माझ्याकडे लिहून पाठवलंत.

एकीने लिहिलं आहे की सुरुवातीचा कार्यालयाचा भाग कंटाळवाणा आहे, तो पुढे ढकलला तरी कथेला बाधा येत नाही. नाव घेत नाही, पण जिने लिहिलं तिने मान वर करून ऐकावं. त्या भागात एक प्रसंग आहे. वातानाबेला शिक्का पुसायला कागद हवा असतो. तो खण उघडतो. आत जुन्या कागदांची चळत आहे आणि त्यात त्यानेच तरुणपणी लिहिलेला एक प्रस्ताव आहे, विभागाचं काम कसं सुधारता येईल यावरचा. तो त्याचं एक पान टर्रकन फाडतो, शिक्का पुसतो आणि बोळा टोपलीत टाकतो. काही सेकंदांचा प्रसंग. एका माणसाचं अख्खं तारुण्य त्या सेकंदांत संपलेलं दाखवलंय. हा माणूस जन्मतः मुर्दाड नव्हता, त्यालाही कधीतरी काही करायचं होतं, हे आपल्याला तिथे दिसतं. ते पान पाहिलं नसेल तर पुढे तो एका वस्तीसाठी बाग बांधायला का उठतो हे कसं कळणार? तुमच्यापैकी एकाच्याही वहीत त्या पानाचा उल्लेख नाही. एकाच्याही!

आणि त्याच भागात अर्ज घेऊन येणाऱ्या त्या बायका. वस्तीत सांडपाण्याचं डबकं साचलंय, मुलांच्या अंगावर पुरळ उठतंय, ते बुजवून तिथे बाग करा एवढंच त्यांचं म्हणणं. नागरिक विभाग त्यांना बांधकामाकडे धाडतो, बांधकाम उद्यानांकडे, उद्यानं आरोग्याकडे, असं करत करत त्या शेवटी पुन्हा नागरिक विभागाच्याच खिडकीशी येऊन उभ्या राहतात. ही टोलवाटोलवी आपल्याकडे साधा दाखला काढायला गेलेल्या माणसालाही तोंडपाठ असते. तुम्हाला ती कंटाळवाणी वाटली, कारण अजून घरातलं मोठं माणूस तुमच्यासाठी रांगेत उभं राहतं. त्या बायकांची दगदग तुम्हाला सोसवेना म्हणून तुम्ही बोटाने पडदा सरकवलात. खिडकीमागचा बाबूही त्यांच्याशी नेमकं हेच करत होता.

दीडपट वेगाने पाहण्याबद्दलही बोलायचं आहे. काहींनी ते वर्गात हसत हसत सांगितलं, म्हणून सगळ्यांसमोर बोलते. ‘इकिरू’ १४३ मिनिटांचा आहे. दीडपट वेगाने तो दीड तास आणि वर थोडा वेळ एवढ्यात संपतो. वाचलेल्या पाऊण तासात तुम्ही काय केलंत ते विचारत नाही. पण गमावलं काय ते ऐका. दवाखान्याच्या बाकावर एक गप्पिष्ट रोगी वातानाबेला सांगतो की डॉक्टर म्हणाले साधा अल्सर आहे, हवं ते खा, तर समजावं की दिवस भरले. आत गेल्यावर डॉक्टर शब्दशः तेच म्हणतात. वातानाबे बाहेर पडतो, रस्त्याने चालू लागतो, आणि चित्रपटातला सगळा आवाज नाहीसा झालेला असतो. गाड्या, माणसं, काही ऐकू येत नाही. आपण त्याच्या डोक्यात असतो. तो रस्ता ओलांडायला जातो आणि एकाएकी रहदारीचा गदारोळ अंगावर कोसळतो. ही शांतता मोजून ठेवलेली आहे. ती तुम्ही बोटाने आखडून टाकलीत. मरणाची बातमी ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला घाई करायला लावलीत. मग वहीत लिहिलंत, चित्रपट मनाला भिडला नाही. कसा भिडेल?

आता ‘आनंद’. तिघाचौघांनी ‘इकिरू’ची तुलना हृषीकेश मुखर्जींच्या १९७१ सालच्या ‘आनंद’शी केली आहे. तुलना करायला माझी हरकत नाही, उलट तिथे निदान कुणाला तरी दुसरं काही आठवलं याचं बरं वाटलं. पण पुढे काय लिहिलंत? दोन्ही चित्रपट सारखेच. अरे, सारखे कसे? आनंद येतो तोच शहाणा होऊन. त्याला आपला आजार माहीत आहे, माणसं जोडणं माहीत आहे, हसणं माहीत आहे. तो बदलत नाही, बदलतो तो डॉक्टर भास्कर. वातानाबेकडे यांतलं काहीच नाही. त्याला मित्र नाहीत. मुलगा आहे, पण मुलाला त्याच्या निवृत्तीच्या पैशांत रस आहे. आजाराचं सांगावं म्हणून तो मुलाकडे जायला निघतो आणि न सांगताच परत फिरतो. मरण समोर असताना आनंदात कसं राहायचं, हे ‘आनंद’ पाहतो. आजवर जगलोच नाही हे मरताना कळलं तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे ‘इकिरू’ पाहतो. त्यामागे टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ सालच्या दीर्घकथेची प्रेरणा आहे, हे मी वर्गात दोनदा सांगितलं होतं. कुणी ग्रंथालयात जाऊन ती काढली? ग्रंथपालांना विचारलं मी. कुणीही नाही.

वातानाबेला उत्तर सापडतं ते एका उपाहारगृहात. त्याच्या कार्यालयातली तोयो नावाची मुलगी नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात लागलीय. तो तिच्या मागे मागे फिरतो. तिला आता त्याची भीतीच वाटू लागली आहे, कारण म्हाताऱ्याला आपल्याकडून काय हवंय ते तिला कळत नाही. तो अडखळत, पुढे झुकून विचारतो, तू इतकी जिवंत कशी? ती काय सांगणार? ती म्हणते, मी फक्त खाते आणि काम करते. आणि चावीचा एक ससा टेबलावर सोडते. हे करताना सगळ्या लहान मुलांशी खेळल्यासारखं वाटतं, तुम्हीही काहीतरी बनवा ना, म्हणते. तो म्हणतो, आता उशीर झाला. मग बराच वेळ गप्प बसतो. आणि त्याचा चेहरा पालटतो. ससा उचलून तो जिना धावत उतरतो. त्याच वेळी कॉलेजातल्या पोरी आपल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं गाणं म्हणतात, ती मैत्रीण जिना चढून वर येतेय, पण आपल्याला वाटतं गाणं याच्यासाठी चाललंय. ताकाशी शिमुराचा त्या वेळचा चेहरा पाहा. हाच नट दोन वर्षं आधी ‘राशोमोन’मध्ये लाकूडतोड्या होता आणि दोन वर्षांनी ‘सेव्हन सामुराई’त सामुराईंचा म्होरक्या झाला. इथे तो इतका खंगलेला, खाली वाकलेला दिसतो की तोच हा, हे सांगावं लागतं.

पुढच्या दिवशी तो कार्यालयात येतो, ढिगातून त्या बायकांचा अर्ज उपसतो आणि पावसात जागा पाहायला निघतो. आता आपल्याला बाग होताना दिसणार, असं वाटतं. आणि निवेदक सांगतो, पाच महिन्यांनी वातानाबे वारला.

इथे तुम्ही सगळे गडबडलात. ‘नायक दोन तृतीयांशातच मरतो, पुढचा भाग लांबवला आहे,’ असं एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने ते खाली जसंच्या तसं घेतलं. मी तुम्हाला अनेकदा सांगितलं आहे की दिग्दर्शकाने जिथे तुमची अपेक्षा मोडली तिथे थांबायचं आणि का मोडली ते विचारायचं. रागावून पुढे जायचं नाही. कुरोसावाला बाग बांधण्याची कामगिरी थेट दाखवता आली नसती का? सहज आली असती. आपण टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी जाऊन झोपलो असतो. त्याऐवजी तो आपल्याला मयताच्या घरी नेऊन बसवतो. भिंतीवर वातानाबेचा फोटो, पुढे उदबत्ती, दोन्ही बाजूंना नगरपालिकेचे अधिकारी आणि कारकून मांडी घालून बसलेले. उपमहापौर सांगतो की बाग वातानाबेने केली असं म्हणणं बरोबर नाही, ती संबंधित विभागांनी केली. सगळे माना डोलावतात. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात. त्या कुणाशी बोलत नाहीत. फोटोसमोर उदबत्ती लावतात आणि हमसून रडतात. अधिकाऱ्यांना कुठे बघावं ते कळत नाही. थोड्या वेळाने उपमहापौर काढता पाय घेतो.

मग कारकून पीत बसतात आणि वाद घालतात. एकाला एक प्रसंग आठवतो, दुसऱ्याला दुसरा. तो कसा प्रत्येक खात्याच्या दाराशी वाकून उभा राहायचा, अपमान झाला तरी हलायचा नाही, गुंडांनी धमकावलं तरी नुसता बघत राहायचा. एकाने त्याला म्हटलं होतं, तुम्हाला यांचा राग कसा येत नाही? त्याचं उत्तर असं होतं की रागवायला माझ्याकडे वेळ नाही. तुकडे जुळतात आणि त्यांना उमगतं, त्याला माहीत होतं! आपण मरणार हे त्याला माहीत होतं. आणि एक जण म्हणतो, आपणही केव्हाही मरू शकतो की. तिथे सगळे गहिवरतात. रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, वातानाबेचं मरण वाया जाऊ देणार नाही अशा शपथा घेतात.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडतं. वातानाबेच्या खुर्चीवर नवा प्रमुख. कुणीतरी सांडपाण्याची तक्रार घेऊन येतं. नवा प्रमुख सांगतो, बांधकाम खात्याकडे पाठवा. एकच कारकून खुर्ची मागे ढकलून ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो उभा राहतो, आणि हळूहळू खाली बसतो. फायलींच्या ढिगामागे त्याचा चेहरा दिसेनासा होतो.

आता तुमची पहिली ओळ पुन्हा वाचा. प्रत्येक क्षण भरभरून जगायला शिकवतो. अनेकांनी खाली ‘मी रडले’, ‘अंगावर काटा आला’ असंही लिहिलं आहे. मी विश्वास ठेवते. रडला असाल. ते कारकूनही रडले होते, तेही खोटं रडले नव्हते. कुरोसावाने शेवटचा हा सगळा भाग रचला तो तुमच्यासाठी. दुसऱ्याच्या मरणाने गहिवरून येणं म्हणजे काहीतरी समजलं, असं वाटून घेणाऱ्या प्रत्येकासाठी. प्रश्न वातानाबेला विचारून झाला होता, त्याने उत्तरही दिलं होतं, म्हणून तर त्याला पडद्यावरून काढून घेतलं. उरले कारकून आणि उरलो आपण. तुम्ही निबंधात गहिवरलात आणि दुसऱ्या दिवशी फायलींमागे बसलात. हा निबंधच त्या फायलींपैकी एक आहे.

कठोर वाटतंय? वाटू द्या.

या वर्गाला एक खोड लागली आहे आणि ती ‘इकिरू’पुरती नाही. मागच्या सत्रात ‘राशोमोन’ दाखवला तेव्हाही हेच झालं. १९५० चा चित्रपट, पुढच्या वर्षी व्हेनिसला सर्वोच्च पारितोषिक, अकुतागावा या लेखकाच्या दोन कथांवर बेतलेला. चर्चेत काय ऐकलं मी? प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. संपलं. चार शब्दांत तुम्ही सत्याचा निकाल लावलात आणि चहाला गेलात. आता मला सांगा, त्या चित्रपटात कोण काय सांगतं? दरोडेखोर सांगतो, सामुराईला मी मारलं. बायको सांगते, माझ्या हातात खंजीर होता, शुद्ध आली तेव्हा तो नवऱ्याच्या छातीत होता. मेलेला सामुराई मांत्रिकेच्या तोंडून सांगतो, मी स्वतःलाच संपवलं. जगात माणसं गुन्हा नाकारण्यासाठी खोटं बोलतात. इथे तिघंही तो आपल्याच अंगावर ओढून घेतात! का? कारण प्रत्येकाला खुनी ठरणं परवडतं, पण क्षुद्र ठरणं परवडत नाही. दरोडेखोराला शूर दिसायचंय, बायकोला असहाय, सामुराईला मानी. आणि लाकूडतोड्याच्या साक्षीत हीच लढाई दोन घाबरलेल्या माणसांची झटापट असते, हात थरथरताहेत, पाय घसरताहेत. मग कळतं की या लाकूडतोड्यानेही मौल्यवान खंजीर चोरल्याचं लपवलं होतं.

सत्य एकच घडलं. ते सांगताना माणूस स्वतःला सजवतो, इतका की मेल्यावरही थांबत नाही. हा माणसाच्या स्वभावावरचा आरोप आहे आणि तो आपल्या सगळ्यांवर आहे. ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ म्हटलं की आरोपातून सगळेच सुटतात, लाकूडतोड्याही सुटतो आणि तुम्हीही. म्हणून ते वाक्य तुम्हाला इतकं आवडतं. शेवटी पावसात पडक्या दरवाजाखाली एक टाकून दिलेलं तान्हं मूल रडत असतं. सहा पोरांचा बाप असलेला तोच चोरटा लाकूडतोड्या ते उचलून घरी नेतो. खोटारडा माणूस चांगलं कृत्य करतो. ही गाठ कशी सोडवायची, यावर वर्गात तासभर बोलता आलं असतं. तुम्ही बोलला नाहीत, कारण तुमचं उत्तर आधीच तयार होतं.

अब्बास किआरोस्तामीच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’बद्दल तुमची तक्रार काय, तर त्यातल्या बदी नावाच्या माणसाला का मरायचंय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. १९९७ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळालेल्या या चित्रपटात तो तेहरानबाहेरच्या धुळकट टेकड्यांवरून गाडी फिरवत राहतो आणि मेल्यावर आपल्यावर माती लोटायला कुणी तयार आहे का ते विचारतो. कारण दिलं असतं तर तुम्ही लगेच न्यायाधीश झाला असतात: एवढ्याशा कारणासाठी मरतात का, किंवा हो, हे कारण पुरेसं आहे. कारण न दिल्यामुळे ते तुम्हाला करता येत नाही. तो तरुण सैनिक, धर्मशाळेत शिकणारा मुलगा आणि संग्रहालयासाठी पक्ष्यांमध्ये पेंढा भरणारा म्हातारा, या तिघांच्या जागी तुम्हाला बसावं लागतं. बसायचं नव्हतं, म्हणून तक्रार. याहून जास्त त्यावर आज बोलत नाही.

आणि ज्यांनी लिहिलं की असे चित्रपट परदेशातच होतात, आपल्याकडे अशी जाण नाही, त्यांच्याशी मला खास बोलायचं आहे. हे अज्ञान मी खपवून घेणार नाही. ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आनंद गांधींचा ‘शिप ऑफ थीसियस’. मुंबईत घडतो. दृष्टी नसलेली छायाचित्रकार, जिला नेत्ररोपणानंतर डोळे मिळतात आणि छायाचित्रांवरची पकड निसटते. प्राण्यांवर प्रयोग केलेली औषधं घेणार नाही म्हणणारा साधू, ज्याचं यकृत निकामी होत चाललंय. दुसऱ्याची किडनी घेऊन जगणारा शेअर दलाल, जो ती कुठून आली या शंकेने एका गरिबाच्या चोरलेल्या किडनीमागे निघतो. जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी जहाज तेच का, हे प्लुटार्कने नोंदवलेलं जुनं कोडं. इथे त्या फळ्यांच्या जागी डोळे, यकृत आणि किडनी आहेत.

त्याच वर्षी त्याच पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा मान दोघींना विभागून गेला. एक ‘शिप ऑफ थीसियस’मधली आयदा अल काशेफ आणि दुसरी आपली अमृता सुभाष, मराठी ‘अस्तु’साठी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. पुण्याची माणसं, तुमच्या गावची. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. बरोबर, मला अपेक्षा होतीच. मोहन आगाशेंनी केलेले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे पंडित. अल्झायमरने त्यांची स्मृती चाललीय. मुलीची नजर चुकते आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीमागे निघून जातात, पार माहुताच्या कुटुंबात. माहुताची बायको चन्नम्मा, जिला ते कोण, किती शिकलेले, काही ठाऊक नाही, ती त्यांना पोटच्या पोरासारखं भरवते, निजवते. इकडे मुलगी वेड्यासारखी शोधत फिरतेय.

आता हे दोन चित्रपट शेजारी ठेवा. एक विचारतो, शरीराचे भाग बदलले तर माणूस तोच राहतो का? दुसरा विचारतो, शरीर तेच राहिलं आणि आठवणी गेल्या तर? पंडितातून पांडित्य गेलं, बापातून मुलीची ओळख गेली, मग मुलगी ज्याला शोधतेय तो कोण? आणि चन्नम्माने ज्याला जवळ केलं तो कोण? तिला तर आधीचा माणूस माहीतच नव्हता, तिने जो समोर होता त्याला माणूस मानलं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात व्यक्तीच्या ओळखीचं जे प्रकरण तुम्ही परीक्षेपुरतं घोकता, ते इथे हत्तीच्या पावलांनी पुण्याच्या रस्त्यावरून चालत गेलंय. आणि तुम्ही म्हणता, आपल्याकडे जाण नाही.

ज्या शहरात तुम्ही राहता तिथे १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी ते उभं केलं, डबे गोळा करत देशभर फिरले. अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून ते वहीत टिपणं काढायचे. शिवेंद्र सिंह डुंगरपूर यांचा त्यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा २०१२ सालचा माहितीपट आहे, तोही पाहिला नसणार. त्या माणसाने रिळं वाचवली नसती तर आपल्या कितीतरी मूकपटांची नावंच उरली असती. आणि आपण काय करतो? खिशातल्या पडद्यावर जगातला कुठलाही चित्रपट येतो म्हणून त्याला किंमत देत नाही. इतकं सहज मिळालेलं कुणाच्याच पिढीला मिळालं नव्हतं. मला तुमचा हेवा वाटायला हवा आणि वाटते ती काळजी.

काळजी अशासाठी की तुम्ही मंद नाही आहात. मंद असता तर मी इतकी बोललेच नसते. गेल्या वर्षी याच वर्गात एका मुलीने चार्वाकांवर उभं राहून वाद घातला होता, तेव्हा मला घरी जाऊन पुस्तकं काढावी लागली होती. ती मुलगी आज समोर बसली आहे आणि तिच्याही वहीत तेच पहिलं वाक्य आहे. तुम्हाला विचार करता येतो. तुम्हाला भीती वाटते. उत्तर नसताना थोडा वेळ बसून राहायची भीती. दिवे लागायच्या आधी तुमचा अंगठा फोनवर जातो, शेवटाचा अर्थ शोधायला. चित्रपट संपल्यावर जी अस्वस्थता राहते ती औषधाने घालवायची गोष्ट नाही. त्या अस्वस्थतेसाठीच तो काढलेला असतो. वातानाबे त्या उपाहारगृहात बराच वेळ गप्प बसला होता, म्हणून त्याला ससा दिसला. त्या वेळी त्याच्या हातात फोन असता, तर तो तोयोला म्हणाला असता, थांब, बघतो, लोक काय म्हणतात.

पुढच्या सोमवारी दुपारी तीन वाजता याच खोलीत ‘इकिरू’ पुन्हा लावणार आहे. पहिल्या चौकटीपासून, वातानाबेच्या पोटाच्या एक्स-रेपासून. पूर्ण लांबीचा, मूळ वेगाने, मध्यंतर न घेता. फोन बाहेरच्या टेबलावर राहतील. तीनला दार बंद होईल, नंतर आलेल्याला आत घेणार नाही, मग कारण काहीही असो. सोबत वही आणि पेन आणा. नंतर चर्चा नाही, मी काही समजावूनही सांगणार नाही. मुकाट्याने घरी जा आणि त्या रात्री कुणाशीही त्यावर बोलू नका.

मग दुसऱ्या दिवशी एक पान लिहा. कुरोसावाची थोरवी नको, पारितोषिकांची यादी नको, चित्रपट काय शिकवतो तेही नको. चित्रपटातली एकच गोष्ट घ्या, जी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि ती पाहताना तुमच्या आयुष्यातलं काय आठवलं ते लिहा. घरातला कुठला अर्ज तुम्ही ढिगाखाली दाबून ठेवलाय? आई कधीपासून काहीतरी सांगू पाहतेय आणि तुम्ही दुसऱ्या खात्याकडे धाडताय? स्वतःचा कुठला प्रस्ताव फाडून शिक्का पुसलात, विसाव्या वर्षीच? लिहायला लाज वाटली तर तेच लिहा. शुद्धलेखन चुकलं तरी मी गुण कापणार नाही. पण ‘भरभरून’ हा शब्द सापडला तर पान न वाचता परत करेन.

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर ते पान हवं. आता या वह्या उचला आणि जा.